ठोकळ्यांच्या स्थानकावर आपली अक्षरे

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुले ठाणे-कल्याण लोहमार्गाने घरी जातात. त्यामुळे संगणक कक्षात ठोकळ्यांची आभासी रचना शिकवण्यास प्रारंभ केला तेव्हा काय उभारायचे, हे ठरवण्यास वेळ लागला नाही. मुलांनी एकमुखाने सांगितले, रेल्वे स्थानक. फलाट झाला, पादचारी पूल झाला, छतही चढले. नावाचा पिवळा फलक मात्र कोरा राहिला. सातवीतील एका मुलाने पडद्यावर बोट ठेवून विचारले, "सर, यावर डोंबिवली कुठून आणायचे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. ज्या ब्रिकलिंक स्टुडिओ या विनामूल्य प्रणालीत आम्ही काम करत होतो, तिच्या संग्रहात हजारो भाग आहेत. त्यांत रोमन अक्षरांच्या टाइल आहेत, देवनागरी अक्षर मात्र आम्हांस सापडले नाही. जे संग्रहात नाही ते स्वतः तयार करून भागावर चिकटवावे लागते. यालाच स्टिकर लावणे म्हणतात. कागद येथे नसतो. असते ती केवळ प्रतिमा.

या विद्येचे मूळ जाणून घेणे उपयोगाचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी 1995 साली एलड्रॉ ही पद्धती निर्माण केली. प्रत्येक ठोकळा म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल, आणि तिच्यात रेषा, त्रिकोण व चौकोन यांचे निर्देशांक. मापाचे एकक 0.4 मिलिमीटर, त्यानुसार साध्या ठोकळ्याची रुंदी 20 एकके आणि उंची 24 एकके. जेसिमन 1997 साली अकाली निवर्तले, परंतु त्यांची पद्धती इतरांनी पुढे चालवली. आरंभी भागावरील नक्षीदेखील रंगीत त्रिकोणांनीच रचावी लागे. 'ठ'ची गोलाई त्रिकोणांनी साधणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. पुढे पृष्ठभागावर प्रतिमा प्रक्षेपित करण्याची सोय आली. सपाट भागावर ती भिंतीवर चित्र टाकल्याप्रमाणे पडते, गोल खांबावर वेटोळ्याप्रमाणे गुंडाळली जाते. प्रक्षेपण आरपार गेले तर मागील बाजूस अक्षरे उलटी उमटतात. म्हणून भाग फिरवून पाठ पाहण्याची सवय मुलांना लावावी लागली.

स्टुडिओसोबत येणाऱ्या पार्ट डिझायनर या जोड-प्रणालीत हे काम होते. संग्रहातील टाइल उघडावी, प्रतिमा आणावी, ती सरकवून व लहानमोठी करून जागी बसवावी आणि नवा भाग म्हणून जतन करावा. मग तो इतर भागांप्रमाणेच रचनेत वापरता येतो. कृती एवढीच. खरी कसोटी प्रतिमा तयार करतानाच लागते, आणि तीही आपल्या लिपीमुळे.

1 × 8 टाइलची रुंदी 8 मिलिमीटर आणि लांबी 64 मिलिमीटर धरतात. रोमन मोठी अक्षरे ही रुंदी जवळजवळ पूर्ण भरून टाकतात. देवनागरीला शिरोरेखेच्या वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा राखावी लागते, त्यामुळे मूळ अक्षराला जेमतेम निम्मी उंची उरते. येथे मुलांनी ठाणे ते कल्याण ही सारी नावे लिहून काढली आणि एक मौज त्यांच्या ध्यानी आली. कळवा आणि कल्याण या नावांत वर काही नाही, खाली काही नाही. ती अरुंद टाइलवर ऐसपैस बसतात. ठाणे, दिवा, कोपर, डोंबिवली यांना केवळ वरची जागा लागते. मुंब्रा आणि ठाकुर्ली यांना मात्र वर आणि खाली दोन्हीकडे हवी. ठाकुर्लीत तर उकार, रफार आणि वेलांटी एकत्र नांदतात! अशा नावांसाठी 2 × 4 टाइल घ्यावी, हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढला. व्याकरणाच्या तासाला जे जमले नव्हते, ते त्या दिवशी जमले, असे मला वाटते.

कल्याण जागेच्या दृष्टीने सोपे, पण त्यातील जोडाक्षर फसवे आहे. काही चित्र-प्रणालींत 'ल'चा पाय मोडून तो 'य'पासून अलग उभा राहतो. डोंबिवलीची पहिली वेलांटी 'ब'च्या आधी न येता नंतर येते. म्हणून नाव प्रथम लेखन-प्रणालीत नीट जुळवावे आणि मगच त्याची प्रतिमा करावी. प्रतिमा झाली की अक्षरे पुन्हा विस्कटत नाहीत. 'ल'च्या वळणाकडेही लक्ष हवे. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच आपल्या परिचयाचा 'ल' उमटतो.

पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावी आणि प्रतिमा पीएनजी स्वरूपात जतन करावी. आम्ही आरंभी पिवळा रंग प्रतिमेतच भरला, तेव्हा टाइलचा पिवळा आणि आमचा पिवळा शेजारी शेजारी भांडू लागले. नाव दोन टाइलांवर पसरणार असेल तर सांधा दोन अक्षरांच्या मधे यावा, वेलांटीच्या मानेवर नव्हे.

प्रदर्शनासाठी तेच फलक खऱ्या ठोकळ्यांवर लावायचे ठरले. स्थानकाजवळील एका दुकानातून पारदर्शक चिकटपत्रावर छापून आणले, आणि सगळे आखूड निघाले. छपाईच्या वेळी 'पानात बसवा' हा पर्याय तसाच राहिला होता. तो 100 टक्के करून घ्यावा लागतो. शिवाय प्रत्यक्ष टाइल 64 नव्हे, सुमारे 63.8 मिलिमीटर भरते, रुंदी 7.8. स्टिकर त्याहून थोडा लहान, 63 × 7 असा कापला तर कडा उचलत नाहीत.

दुसऱ्या छपाईत डोंबिवली अचूक उतरली. ती टाइलवर बसवताना त्या मुलाने दोनदा हात धुतले. ठाकुर्लीचा रफार अजून वेलांटीला चिकटलेलाच दिसतो. त्याची तिसरी प्रत सध्या दोघी मुली करत आहेत.