गुडघा दुखतोय, मॅरेथॉन दहा आठवड्यांवर आहे: आता काय?

आजच्या विषयाचा सीझन असतो, म्हणजे आंब्याचा असतो तसाच. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि दिवाळी संपली की आम्हा फिजिओथेरपिस्ट मंडळींकडे गुडघे यायला लागतात. (हशा) प्रत्येकाचा प्रश्न एकच: "धावू की नको?" माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न आहे, "आज हा गुडघा किती भार पेलू शकतो?" याचं उत्तर दर आठवड्याला बदलतं, आणि ते शोधायचं कसं, तेवढंच आज बघू.

एक उदाहरण घेतो, त्या बाईंच्या परवानगीनं. वय ४३, ठाण्यात राहतात, बँकेत नोकरी. दिवाळीआधी आठवड्याला ३० किलोमीटर धावत होत्या. दिवाळीच्या आठवड्यात शून्य. पुढच्या आठवड्यात, राहिलेलं भरून काढायचं म्हणून, एकदम ४४. त्यातले २६ एकाच रविवारी, तेही येऊरच्या चढउतारावर. उतरताना एकोणिसाव्या किलोमीटरला गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागलं. उरलेले ७ त्यांनी दात-ओठ खाऊन पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना.

आता इथे चूक कुठली? २६ किलोमीटर ही चूक नाही. चूक आहे ती उडीत. आपलं हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. टेंडन आणि हाडं यांना महिने लागतात. म्हणून होतं काय, दम टिकतो, आपल्याला वाटतं आपण तयार आहोत, आणि गुडघा अजून मागच्या महिन्यातच असतो. साधा हिशोब करा. मिनिटाला १६० पावलं धरली, तर पाच तासांच्या मॅरेथॉनमध्ये ४८,००० पावलं होतात. एकेका गुडघ्यावर २४,००० वेळा भार, आणि दर वेळी शरीराच्या वजनाच्या काही पट.

पहिलं काम: नेमकं कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवा. वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतं, जिना उतरताना, उकिडवं बसताना, सिनेमाला बराच वेळ बसल्यावर वाढतं, तर बहुतेकदा तो वाटी आणि मांडीच्या हाडामधला भार असतो. यालाच लोक 'रनर्स नी' म्हणतात. बाहेरच्या बाजूला दुखतं आणि दर वेळी ठरावीक अंतरानंतरच सुरू होतं, तर आयटी बँडचा संशय घ्यायचा. वाटीच्या लगेच खाली, उडी मारल्यावर दुखतं, तर वाटीखालचं टेंडन. हे अंदाज आहेत, निदान तपासूनच होतं.

आणि काही लक्षणांना मात्र थांबायचंच. गुडघा सुजला, अडकला, पूर्ण सरळ होत नाही, चालताना दगा देतो, पायावर वजन टाकता येत नाही, रात्री झोपेतही ठणकतो, किंवा हाडावर एकाच बिंदूला दाबलं की कळ येते. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. इथे पुढचं काहीही लागू नाही.

हे काही नसेल, तर पूर्ण आराम बहुतेक वेळा लागत नाही. नुसता आराम केला की दुखणं जातं, पण गुडघ्याची ताकदही जाते. मग परत धावलात की परत तेच. म्हणून सिग्नलचा नियम वापरा. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा. तीनपर्यंत हिरवा, धावा. चार-पाच म्हणजे पिवळा, अंतर कमी करा. त्याच्या वर किंवा लंगडायला लागलात, तर लाल, तिथूनच रिक्षा करा. (हशा) पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशीच्या मानानं जिना उतरताना जास्त दुखतंय? मग कालचा डोस जास्त झाला. वहीत रोज तीन गोष्टी लिहा: किती धावलो, धावताना किती दुखलं, सकाळी जिन्यावर किती दुखलं.

कमी काय करायचं, त्यालाही क्रम आहे. आधी उतार बंद, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेक लावायचं काम करावं लागतं आणि वाटीवर दाब वाढतो. मग वेग. मग एका वेळचं अंतर. सपाटीवरचं सावकाश, थोडं थोडं धावणं सगळ्यात शेवटी सोडायचं. पावलं थोडी छोटी आणि जलद टाका. मिनिटाला १६० पडत असतील, तर १६८ करून बघा. पाच टक्के एवढाच फरक, पण गुडघ्यावरचा भार उतरतो. दम टिकवायला सायकल आहे, किंवा पट्टा बांधून खोल पाण्यात पाय न टेकता धावणं.

दुसरी बाजू ताकदीची. आठवड्यातून तीन दिवस, मांडी आणि खुबा, दोन्हीचे व्यायाम. भिंतीला टेकून अर्धवट बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, आणि नंतर छोट्या पायरीवरून एका पायानं सावकाश खाली येणं. वाटी दुखत असेल तर मलासन, खोल बैठका, तासन्‌तास मांडी घालून बसणं हे काही आठवडे कमी करा. कायमचं सोडायचं नाही. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत निराश होऊ नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. वेदनाशामक गोळी घेऊन लांब धावू नका. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. शिवाय आपला सिग्नलचा दिवाच त्या विझवतात. आणि एमआरआयच्या रिपोर्टला लगेच घाबरू नका. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादीला छोटी चीर दिसू शकते. रिपोर्ट आणि तपासणी जुळली पाहिजे.

मग निर्णय कधी? स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. तोवर २५ ते २८ किलोमीटर धावताना दुखणं तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी जिना नेहमीसारखा उतरता आला, तर जा. नाहीतर नको. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय संपल्यावर येतो, आणि चढ संपला की उतार आहेच. तिथे नशिबावर हवाला ठेवून चालत नाही.

त्या बाईंनी सगळं नीट केलं. तरी डिसेंबरअखेर १७ किलोमीटरला दुखणं पाचवर गेलं. त्या रडल्या. वर्षभराची मेहनत, घरचे, ऑफिसातले सगळे विचारणार. मी म्हटलं, "ताई, मी बंदी घालत नाही, तुमची वही काय म्हणते ते वाचा." त्यांनी वाचली, आणि त्या धावल्या नाहीत. त्या रविवारी पेडर रोडला उभं राहून संत्र्याच्या फोडी वाटल्या. व्यायाम मात्र सोडले नाहीत. एप्रिलमध्ये २१ किलोमीटर धावल्या, न दुखता.

श्रोत्यांमधून प्रश्न आलाय: "धावून गुडघे झिजतात का हो?" हौसेनं, बेतानं धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही. आधी मोठी दुखापत किंवा ऑपरेशन झालं असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून ठरवा.

तेव्हा आज घरी गेल्यावर बूट नवीन घेऊ नका, वही घ्या.