हिरव्या चहाची पारख आणि श्रावकाचे स्वयंपाकघर

चहा आणि जैन घर यांचे नाते जुने असले, तरी ते कधीच अगदी सरळ राहिलेले नाही. परभणीच्या मोंढ्यात दुकान उघडले की पहिल्या सौद्याआधी चहा येतो. पण नवकारसी पाळणारा व्यापारी सूर्योदयानंतर 48 मिनिटे झाल्याशिवाय पेल्याला हात लावत नाही. सायंकाळी बाजार भरात असताना चौविहार करणारा श्रावक समोर आलेला चहा हात जोडून परत करतो. आल्याचा चहा नको, सुंठीचा चालेल. आयंबिलात कोणताच नको. हा प्रदेश 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे दाट दुधाच्या, खूप वेळ मुरलेल्या चहाची आवड इथे मुरलेली आहे. अशा घरांत गेल्या काही वर्षांत ‘ग्रीन टी’ नावाचा पाहुणा आला. पुण्याला शिकणारी मुलगी तो आणते, वजन वाढल्यावर डॉक्टर सुचवतात, दिवाळीच्या भेटीच्या खोक्यात तो असतोच. दोरी लावलेली ती पुडी उकळत्या पाण्यात बुडते, कडूजार काढा तयार होतो आणि पंधरा दिवसांत डबा फडताळाच्या मागच्या बाजूला जातो.

त्या कडूपणात पाल्याचा दोष कमी, पुडीचा आणि पाण्याचा अधिक. पुडीत बहुधा चाळणीखाली उरलेला चुरा असतो. सुट्या पानाला उलगडायला जागा हवी असते. काळा चहा आणि हिरवा चहा ही एकाच झुडपाची पाने. तोडल्यावर पान चुरगळून हवेत ठेवले की सफरचंदाच्या फोडीसारखे ते तपकिरी पडते, तो काळा चहा. तोडल्याबरोबर पानाला उष्णता देऊन ही क्रिया थांबवली, की रंग हिरवा राहतो. चीनमध्ये ही उष्णता तापल्या कढईत देतात, जपानमध्ये वाफेने. चवींतील बहुतेक फरक या कढईत आणि वाफेत दडलेला आहे. आपल्या रोजच्या दाणेदार चहाची रीत मात्र अगदी अलीकडची; पान चिरडून, फाडून त्याची गोळी करणारे सीटीसी यंत्र आसामात 1930च्या सुमारास आले.

‘हिरवा’ या नावामुळे अष्टमी-चतुर्दशीला हरितकायाचा त्याग करणाऱ्यांना शंका येते. पान पूर्ण भाजून किंवा वाफवून वाळवलेले असल्यामुळे ते ताज्या पालेभाजीसारखे सचित्त नसते. तरीही ज्याने नियम घेतला आहे, त्याने त्याची मर्यादा ज्या गुरूंकडून घेतली त्यांनाच विचारावी. डब्यावरच्या मजकुराला तो अधिकार नाही.

डब्यावरच्या मजकुराची खरी अडचण वेगळीच आहे. दुकानात सर्वाधिक खपणाऱ्या हिरव्या चहांपैकी एक प्रकार मध-लिंबाचा असतो, आणि त्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका ठळकपणे छापलेला असतो. यात लबाडी नाही. आपल्या देशाच्या खाद्यनियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध आणि दुधाचे पदार्थ यांच्याबरोबर मधही वगळलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने मध शाकाहारी. श्रावकाच्या दृष्टीने मद्य-मांसाच्या पंक्तीत बसणारे अभक्ष्य. म्हणून हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होणाऱ्या घरात, सगळे नियम सांभाळूनही, मध पोटात जाऊ शकतो. घटकांची बारीक अक्षरांतली यादी वाचल्याशिवाय स्वाद मिसळलेला चहा घेऊच नये. आले घातलेल्या मिश्रणात ते सुंठीच्या रूपात आहे की अर्काच्या, हेही तिथेच कळते. सुट्या पानाचा साधा चहा यासाठी अधिक निर्धोक, कारण त्यात पानाखेरीज काही नसते आणि ते डोळ्यांनी दिसते.

मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा चिनी चहा मात्र विचार करायला लावतो. त्यात उमलत्या फुलांचे आणि पानांचे थर रात्रभर एकत्र ठेवतात, सुगंध पानात उतरला की फुले काढून टाकतात, आणि उंची मालासाठी हे पुन्हा पुन्हा करतात. फुले वर्ज्य मानणाऱ्या घरांनी तो घेऊ नये हे सरळच. इतरांनीही त्यात वाळक्या पाकळ्या शोभेसाठी सोडल्या आहेत का ते पाहावे. सुगंध सुरेख असतो, यात वाद नाही.

आता पाणी. हिरव्या चहाचे पुस्तकी नियम आणि जैन स्वयंपाकघराची जुनी चाल इथे अनपेक्षितपणे जुळतात. उकळते पाणी थेट ओतल्यास कोवळ्या पानातील तुरटपणा एकदम बाहेर पडतो. बहुतेक हिरव्या चहांना 70 ते 80 अंश तापमान मानवते. गाळून, उकळून, निवत ठेवलेले प्रासुक पाणी ज्या घरात रोज तयार होते, तिथे चहासाठी वेगळा खटाटोप नको. पाण्याला पूर्ण उकळी येऊ द्यावी, मग पातेले उतरवून काही मिनिटे थांबावे. त्याचा आणखी एक लाभ मराठवाड्यात मोठा आहे. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार अधिक. असे जड पाणी चहाचा रंग काळवंडते, वर तवंग आणते आणि नाजूक वास मारून टाकते. उकळल्यावर त्यातील काही क्षार पातेल्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. ते पाणी न ढवळता वरच्यावर घेतले, तर चवीत पडणारा फरक लहान मुलालाही कळतो. पावसाचे साठवलेले पाणी ज्यांच्या टाक्यात असेल, त्यांना तर प्रश्नच नाही.

चहा पारखणाऱ्या धंदेवाईकांची रीत ठरलेली असते. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पान, उकळते पाणी आणि 6 मिनिटे. मग चमच्याने सुर्रकन ओढून, तोंडात फिरवून, थुंकून टाकायचे. ती व्यवस्था दोष शोधण्यासाठी आहे, आनंदासाठी नव्हे, आणि घरात तिची नक्कल करण्याचे कारण नाही. उष्टे ठेवल्यास अंतर्मुहूर्तात त्यात संमूर्च्छिम जीव उपजतात, अशी श्रद्धा असलेल्या घरात थुंकदाणी तर नकोच. प्रत्येकाची वाटी वेगळी, वाटी दोन-तीन घोटांची, आणि घेतलेले संपवायचे. पान तेच 2 ग्रॅम ठेवावे. वेळ मात्र 2 मिनिटांची पुरे.

आरंभ कांगड्यापासून करावा. काळ्या कापसाच्या अल्कधर्मी जमिनीत चहाचे झुडूप जगत नाही, त्याला आम्ल माती आणि भरपूर पाऊस लागतो. म्हणून परभणीला सगळाच चहा बाहेरून येणार. मग पहिला मान देशातल्या जुन्या हिरव्या चहाला द्यायला हरकत नाही. हिमाचलातील पालमपूरच्या परिसरात 1849च्या सुमारास डॉ. जेमसन यांनी चिनी जातीची रोपे लावली. इथला हिरवा चहा अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत अफगाणिस्तानापर्यंत जात असे. 4 एप्रिल 1905च्या भूकंपाने मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले आणि तो वैभवकाळ परतला नाही. 2005 मध्ये या चहाला भौगोलिक मानांकन मिळाले. चव सौम्य, किंचित गोडसर, मागे हलका तुरटपणा. दुधाच्या चहावर वाढलेल्या जिभेला पहिल्यांदा तो ‘पाणचट’ वाटेल. दुसऱ्या वाटीपर्यंत थांबावे.

त्यानंतर चीनमधील हांगचौ शहराजवळचा लोंगजिंग. नावाचा अर्थ ‘ड्रॅगनची विहीर’. पाने चपटी, इस्त्री केल्यासारखी, कारण कारागीर ती तापल्या कढईत हाताने दाबत भाजतो. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग सणाच्या आधी खुडलेल्या पानांना सर्वाधिक भाव. त्याचा वास चिनी लोक भाजलेल्या चेस्टनटसारखा सांगतात. परभणीकराला तो थेट थंडीतल्या हुरड्याच्या आगटीपाशी नेतो. या मालिकेत आपल्या जिभेला सर्वांत लवकर आपलासा वाटणारा चहा हाच, आणि म्हणूनच बाजारात सर्वाधिक बनावटही याचीच. दुसऱ्या प्रांतातले चपटे पान या नावाने विकणे ही तिथलीही डोकेदुखी आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार का गणला आहे, ते व्यापारी वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही.

जपानी सेंचाची जात वेगळी. 1738 मध्ये उजी भागातील नागातानी सोएन यांनी वाफवून, मळून, वाळवण्याची जी रीत बसवली, ती आजही पायाभूत मानतात. पेल्यात गडद हिरवा रंग आणि वाफवलेल्या कोवळ्या पालकाची चव. अनेकांना ती पहिल्या भेटीत चहाची वाटतच नाही. त्याचा धाकटा पण महागडा भाऊ ग्योकुरो. खुडणीपूर्वी सुमारे 20 दिवस झुडपांवर सावली धरतात, त्यामुळे कडवटपणा घटतो आणि डाळीच्या कटासारखा भरीव रस येतो. त्याला 50 ते 60 अंशांचे पाणी. प्रामाणिकपणे सांगायचे तर तेवढे पैसे खर्च करण्याआधी चांगला सेंचा वर्षभर प्यावा.

मोरोक्कोत चिनी ‘गनपावडर’ चहाच्या घट्ट गोळ्या, मूठभर पुदिना आणि भरपूर साखर घालून चहा करतात. परभणीच्या मे महिन्यात, पारा 42च्या वर असताना, हा निवलेला चहा उत्तम उतारा आहे. बर्फ अभक्ष्य मानणाऱ्यांनी तो माठाच्या गारव्यात निववावा. रात्रभर थंड पाण्यात पाने भिजवण्याची नवी पद्धत मात्र आपल्या घरांना मानवणारी नाही. सकाळी गरम करून दुपारपर्यंत संपवलेला बरा.

आरोग्याच्या गप्पांना थोडा लगाम हवा. हिरव्या चहाने चरबी वितळते ही जाहिरातीची भाषा झाली. उलट त्यातील तुरट द्रव्ये वनस्पतिजन्य लोहाचे शोषण रोखतात, आणि आपल्या आहारातले सगळे लोह वनस्पतिजन्यच असते. घरातील ज्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊच नये. अठ्ठाईच्या पारण्याला रिकाम्या पोटी हिरवा चहा देणे म्हणजे मळमळीला आमंत्रण. अर्काच्या गोळ्यांपासून तर दूरच राहावे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिवसाला 800 मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी (हिरव्या चहातील एक कॅटेचिन) पोटात जाईल अशा अर्काबाबत यकृताच्या दृष्टीने इशारा दिला आहे.

महाग वाटणाऱ्या पानाचा हिशेब मात्र पाटीवर मांडून पाहावा. 100 ग्रॅमचे 50 वेळा 2 ग्रॅम होतात, चांगले पान तीनदा पाणी घेते, म्हणजे 150 लहान वाट्या. डब्यावर बांधणीच्या तारखेबरोबर खुडणीचा हंगाम विचारावा. वर्ष उलटलेला हिरवा चहा वाळल्या गवतासारखा होतो. आणि किराणा दुकानात तो हिंग, उदबत्ती, मसाले यांच्या शेजारी कधीही ठेवू नये. चहा शेजाऱ्याचा वास आठवड्यात उचलतो, आणि हिंगाचा लोंगजिंग कोणी परत घेत नाही.

चव पाहण्याची बैठक दुपारी चारला बसवून सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी उठवावी. शेवटची वाटी होजिचाची ठेवावी. हे भाजून तपकिरी केलेले जपानी पान उत्तेजक कमी, वास भाजक्या धान्याचा, आणि पाणी कितीही गरम असले तरी रागावत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा हाच आवडतो. भिजलेली पाने त्याच सायंकाळी पसरून सुकवावीत आणि कुंडीतल्या मातीला द्यावीत.