तीन कॅसेट, एक डीव्हीडी आणि हरवलेल्या अक्षता

अनेक घरांच्या कपाटांत, माळ्यावरील खोक्यांत आजही व्हिडिओ कॅसेट पडून आहेत. कोणाचे लग्न, कोणाची मुंज, आजोबांची पंचाहत्तरी. कॅसेट जपल्या गेल्या. त्या वाजविणारी यंत्रे मात्र बाजारातून नाहीशी झाली. व्हीसीआर बनविणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या मिनी-डीव्ही कॅसेटचेही उत्पादन बंद केले. त्यामुळे चालू स्थितीतील कॅमेरा हाताशी आहे तोवर चित्रीकरण संगणकावर उतरवून घ्यावे आणि घरातील ज्येष्ठांना रिमोटचे एक बटण दाबून पाहता यावे म्हणून त्याची डीव्हीडी करावी, असा विचार अनेक कुटुंबे करतात.

विचार योग्य आहे. गफलत होते ती पुढे. लग्नाच्या तीन कॅसेट एकाच तबकडीत बसविल्या जातात, संगणकही तक्रार न करता त्या बसवून देतो आणि मग अंतरपाट दूर होताच पडद्यावर अक्षतांऐवजी चौकोनी ठिपक्यांचा चिखल दिसू लागतो. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे गणित मांडावे लागते.

तेरा गिगाबाइट आणि साडेचार

मिनी-डीव्ही कॅसेटवरील चित्रीकरण फायरवायर केबलने संगणकावर उतरविले, तर एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे तीन तासांचे लग्न जवळजवळ ३९ गिगाबाइटचे होते. साध्या, एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट. तीच तबकडी विंडोजमध्ये ४.३८ गिगाबाइट दाखविते, तेव्हा फसवणूक झाल्याचा समज होतो; पण तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत.

एवढे मोठे चित्रीकरण इतक्या लहान जागेत बसविण्याचे काम एमपेग-२ ही संकोचनाची पद्धत करते. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. एमपेग-२ त्यांतील साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण नोंदविते आणि मधल्या चित्रांत मुख्यतः काय बदलले तेवढेच लिहिते. खुर्चीत बसून गप्पा मारणारी वडीलधारी मंडळी या पद्धतीला फारशी जड जात नाहीत. मंगलाष्टकांच्या अखेरीस मात्र हजारो अक्षता एकाच वेळी उडतात, छायाचित्रकारांचे फ्लॅश लखलखतात, गर्दी हलते. चित्राचा प्रत्येक कोपरा बदलतो. तो बदल नोंदविण्यास जागा अपुरी पडली, की चित्राचे चौकोन होतात. ज्या क्षणासाठी सारे चित्रीकरण केले, नेमका तोच क्षण बिघडतो.

सहाशेला मिनिटांनी भागावे

किती जागा मिळेल, हे आधीच काढता येते. तबकडीत थोडी मोकळीक ठेवून साडेचार गिगाबाइट वापरायचे ठरविले, तर ६०० या संख्येला चित्रीकरणाच्या मिनिटांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे प्रत्येक सेकंदासाठी उपलब्ध असलेले मेगाबिट, अर्थात बिटरेट. ६० मिनिटांना १०, ९० मिनिटांना ६.७, १२० मिनिटांना ५ आणि १८० मिनिटांना अवघे ३.३.

डीव्हीडी व्हिडिओच्या नियमानुसार चित्रासाठी कमाल ९.८ मेगाबिट वापरता येतात. घरी राइट केलेल्या तबकडीत तेवढी मर्यादा गाठली, तर जुने प्लेअर अडखळू शकतात. म्हणून तासाभराच्या चित्रीकरणासही ८ च्या आसपास थांबणे शहाणपणाचे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने केलेल्या समारंभाच्या चित्रीकरणाला ६ ते ७ मेगाबिट मिळाले, तर चित्र समाधानकारक राहते. याचाच अर्थ, एका तबकडीत दीड तास. तीन कॅसेटसाठी दोन तबकड्या घ्याव्यात. सीमांतपूजन आणि हळद एकीत, लग्न दुसरीत, अशी विभागणी पाहणाऱ्यालाही सोयीची ठरते.

आवाजाचा वाटाही याच जागेतून जातो. तो असंकोचित पीसीएम स्वरूपात ठेवला, तर सेकंदाला दीड मेगाबिट खर्ची पडतात. डॉल्बी डिजिटलमध्ये सुमारे ०.२ पुरतात. दोन तासांच्या तबकडीत चित्राला ३.५ मिळणार की ४.८, हे या एका निवडीवर ठरते. संकोचन करताना सॉफ्टवेअरमध्ये बदलता बिटरेट आणि दोन फेऱ्या, हा पर्याय निवडावा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर संपूर्ण चित्रीकरण पाहून घेते. दुसऱ्या फेरीत गप्पांच्या प्रसंगी काटकसर करून अक्षतांवर खर्च करते. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण तो सार्थकी लागतो.

व्हीएचएसचे गणित निराळे आहे. त्या फितीवर मुळातच आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतका तपशील असतो. त्यासाठी ७२० × ५७६ चे पूर्ण चित्र राखण्याऐवजी डीव्हीडीच्या नियमांत बसणारे ३५२ × ५७६ हे अर्ध्या रुंदीचे माप निवडता येते. बिंदू निम्मे झाल्याने ३.३ मेगाबिटही बऱ्यापैकी पुरतात आणि तीन तासांची कॅसेट एका तबकडीत मावते.

तबकडी कोणती घ्यावी?

दुपदरी तबकडीची क्षमता ८.५ गिगाबाइट असते. तिच्यासाठी ६०० ऐवजी १,०८० ला मिनिटांनी भागावे. तीन तासांना ६ मेगाबिट मिळतात. मात्र ती महाग असते आणि काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत. ज्यांच्याकडे ती पाहिली जाणार आहे, त्यांच्या प्लेअरवर एक चाचणी आधी घ्यावी. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर यांतील वाद आता बव्हंशी संपला आहे. नंतरच्या काळातील रायटर दोन्ही लिहितात. फार जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर हा तुलनेने सुरक्षित पर्याय. पुनःपुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू तबकडी चाचणीपुरतीच वापरावी. तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश कमी असल्याने जुन्या प्लेअरना ती वाचणे जड जाते.

साध्या तबकडीत माहिती नोंदली जाते ती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर. उष्णता, ऊन आणि दमटपणा हे या तबकडीचे शत्रू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्या थंड, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, कडांना धरून हाताळाव्यात आणि त्यांवर कागदी लेबल चिकटवू नयेत, असे सांगितले आहे. मुंबई-कोकणातील पावसाळा या अपेक्षांच्या अगदी विरुद्ध असतो, हे लक्षात घ्यावे. सोन्याचा परावर्तक थर असलेल्या तबकड्या गंजत नाहीत. एम-डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी असेंद्रिय थर असतो, मात्र ती लिहिण्यासाठी तशी क्षमता असलेला रायटर लागतो.

एकेकाळी लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पन्नास तबकड्यांची चळत सहज मिळे. त्या काळी जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जाणारी नोएडा परिसरातील मोझर बेअर ही कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. साहजिकच दुकानात मिळणारी कोरी तबकडी जुन्या साठ्यातील असू शकते. कोरे रंगद्रव्यही कालांतराने जुने होते. म्हणून एकदम मोठी चळत न घेता थोड्या तबकड्या घेऊन पाहाव्यात. १६ एक्सची तबकडी ८ एक्सच्या आसपास लिहावी; अगदी कमी वेगच उत्तम, हा समज नेहमी खरा ठरत नाही. लिहून झाल्यावर 'फायनलाइज' करावी, पडताळणी करावी आणि दुसऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत चालवून पाहावी.

मूळ प्रत टाकू नये

सर्वांत महत्त्वाचे ते शेवटी. डीव्हीडी ही पाहण्याची प्रत आहे, मूळ नव्हे. संकोचनात गेलेला तपशील पुन्हा कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही. तबकडी तयार झाली म्हणून कॅसेट रद्दीत देणे किंवा संगणकावरील १३ गिगाबाइटची फाइल पुसून टाकणे, ही कधीही भरून न येणारी हानी ठरते. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशा सुमारे ७५ तासांचे चित्रीकरण मूळ दर्जात राहते. ते दोन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवावे.

युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्येच चुंबकीय फितींबाबत जगाला सावध केले होते. फितीपेक्षा ती वाजविणारी यंत्रे आधी संपतील, असा त्या इशाऱ्याचा रोख होता. कॅसेट आधी उतरवून घ्यावी, मूळ फाइल जपावी आणि मगच मिनिटे मोजून तबकडी करावी. क्रम एवढाच पाळला, तर तबकडी बिघडली तरी दुसरी करता येईल आणि अक्षता जशा पडल्या तशाच दिसतील.