उच्च अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनातील अंतर्गत भागांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

बाहेर पडणाऱ्या तप्त वायूची ऊर्जा वापरून इंजिनात अधिक हवा कोंबण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये पेटंटद्वारे मांडली. आज टर्बोचार्जर ट्रॅक्टरपासून लहान मोटारींपर्यंत सर्वत्र आढळतो. हवेचा दाब वाढविला की अश्वशक्ती वाढते, हे सर्वश्रुत आहे. मात्र वाढलेली शक्ती ज्या भागांतून चाकापर्यंत पोहोचते, त्या भागांचा विचार बहुधा नंतर, म्हणजे इंजिन निकामी झाल्यावर होतो. प्रस्तुत लेखात हे भाग कोणत्या निकषांवर निवडावेत, याचे विवेचन केले आहे.

भारांचे स्वरूप

चाकण येथे २०२२ पर्यंत तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलो या मोटारीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या ९९९ घन सेंटिमीटरच्या टर्बोविरहित इंजिनाचा टॉर्क ९५ न्यूटन-मीटर होता, तर तेवढ्याच क्षमतेच्या टर्बो इंजिनाचा १७५ न्यूटन-मीटर. यावरून सिलिंडरातील सरासरी प्रभावी दाब काढल्यास तो अनुक्रमे सुमारे १२ बार व २२ बार येतो. म्हणजेच आकार तोच, पण भार जवळजवळ दुप्पट.

इंजिनाच्या अंतर्भागावर मुख्यतः तीन प्रकारचे भार येतात. पहिला वायुदाबाचा. ७४.५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १०० बार दाब आला, तर सुमारे ४३,६०० न्यूटन, म्हणजे जवळपास ४.४ टन बल निर्माण होते. हे बल कनेक्टिंग रॉडला दाबते. दुसरा भार जडत्वाचा. तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिस्टनसह वरखाली होणारे वस्तुमान अर्धा किलो व स्ट्रोक ७६.४ मिलिमीटर धरल्यास मिनिटाला ६,००० फेऱ्यांना प्राथमिक जडत्वबल सुमारे ७,५०० न्यूटन येते; ७,२०० फेऱ्यांना ते सुमारे १०,९०० होते. वेगात २० टक्के वाढ, पण बलात ४४ टक्के! हे बल रॉडला ताणते. तिसरा भार उष्णतेचा असून तो शक्ती किती वेळ सतत घेतली जाते यावर अवलंबून असतो.

यातून निवडीचे पहिले सूत्र हाती येते : दाब वाढवून मिळविलेली शक्ती पिस्टन, रॉडचा दांडा व हेड गॅस्केट यांची परीक्षा घेते, फेऱ्या वाढवून मिळविलेली शक्ती रॉडच्या बोल्टांची परीक्षा घेते.

पिस्टन

मूळ इंजिनातील पिस्टन बहुधा ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूचे असतात. ते किफायतशीर व टिकाऊ असले, तरी आघात सोसण्याची त्यांची क्षमता मर्यादित असते. उच्च शक्तीसाठी घडीव पिस्टन वापरतात. त्यांत दोन मिश्रधातू प्रचलित आहेत. ४०३२ या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्याने त्याचे प्रसरण कमी होते. त्यामुळे सिलिंडर व पिस्टन यांमधील फट कमी ठेवता येते. २६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य असते. तो अधिक चिवट असतो, परंतु फट मोठी ठेवावी लागते व थंड इंजिनात पिस्टनचा आवाज येतो. रोजच्या वापरासाठी पहिला, तर शर्यतीच्या तीव्र भारासाठी दुसरा अधिक योग्य ठरतो. रिंगच्या टोकांमधील फटही वाढवावी लागते. अन्यथा तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडतात व रिंगखालची कड तुटते.

कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट व बेअरिंग

रॉडसाठी निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त ४३४० पोलाद वापरले जाते. आपल्याकडील कारखान्यांत परिचित असलेले ईएन-२४ हे त्याच्याशी मिळतेजुळते आहे. ओतकामाच्या तुलनेत घडाईमध्ये धातूचे तंतू भागाच्या आकाराला अनुसरून वळतात. म्हणून पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने होणारा धातूचा शिणवटा घडीव भाग अधिक काळ सोसतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्ज या उद्योगाने घडीव क्रँकशाफ्टच्या निर्मितीत जागतिक स्थान मिळविले, ते याच प्रक्रियेच्या बळावर. बोल्ट केवळ पान्याच्या अंदाजाने न आवळता त्याची लांबी किती वाढली हे मोजून आवळणे अधिक विश्वसनीय असते.

क्रँकशाफ्ट बहुधा जर्नलच्या कडेच्या गोलाईपाशी तडकतो. त्यामुळे त्या जागेचे रोलिंग व पृष्ठभागाचे नायट्रायडिंग महत्त्वाचे ठरते. बेअरिंगमधील तेलाची फट साधारणतः जर्नलच्या व्यासाच्या एक सहस्रांश, म्हणजे ५० मिलिमीटरला ०.०५ मिलिमीटर ठेवतात. ती वाढविल्यास तेलपंपाची क्षमताही तपासावी लागते.

मजबुतीची मर्यादा

एक भाग मजबूत केल्याने बिघाड नाहीसा होत नाही. तो पुढच्या दुर्बल भागाकडे सरकतो. घडीव रॉड बसविला, पण हेड उचलले गेले, तर गॅस्केट जाते. म्हणून बहुस्तरीय पोलादी गॅस्केट व मजबूत स्टड यांचा विचार सोबतच करावा लागतो. तसेच इंधनाचा ऑक्टेन अंक अपुरा असल्याने किंवा ठिणगी अवेळी पडल्याने होणारे नॉकिंग कोणताही घडीव पिस्टन फार काळ सोसू शकत नाही. भागांची निवड सदोष ट्यूनिंगला पर्याय ठरू शकत नाही.

वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

वाशिम जिल्ह्यात उन्हाळ्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हवा जितकी तप्त, तितकी नॉकिंगची शक्यता अधिक. त्यामुळे इंटरकूलरची क्षमता येथे केवळ सोयीची बाब राहत नाही. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर सदोष असल्यास रिंग व सिलिंडर घासते. शिवाय २०२२ मध्ये खुल्या झालेल्या नागपूर-शिर्डी टप्प्यामुळे समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. वेगमर्यादा पाळूनही तेथे इंजिनावर तासन्‌तास सलग भार राहतो. काही सेकंदांच्या वेगासाठी बांधलेले इंजिन असा सलग उष्णभार पेलेलच, असे नाही.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न होतील असे फेरबदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निषिद्ध आहेत. २०१९ च्या सुधारणेनंतर अशा प्रत्येक अवैध बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून असे प्रयोग प्रयोगशाळेतील टेस्ट बेंच किंवा बंदिस्त शर्यतमार्ग यांपुरतेच मर्यादित असावेत.

निष्कर्ष

अपेक्षित अश्वशक्ती, कमाल फेऱ्या व भाराचा कालावधी या तीन बाबी प्रथम निश्चित कराव्यात. त्यानंतर भारांचे गणित मांडून साखळीतील सर्वांत दुर्बल कडी शोधावी आणि मगच खरेदी करावी. महागडा भाग हा योग्य भाग असतोच असे नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास हा क्रम वर्गातच अंगवळणी पडल्यास पदार्थविज्ञान, धातुशास्त्र व कायदा हे विषय परस्परांपासून वेगळे नाहीत, याचीही जाणीव त्याला होईल.