फेरबदल केलेल्या गोल्फचे नवे वायरिंग: काही समज आणि वस्तुस्थिती

पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ १९७४ साली विक्रीला आली, तेव्हा मोटारीत विजेकडे सोपवलेली कामे मोजकीच होती: स्टार्टर फिरवणे, प्लगमध्ये ठिणगी पाडणे आणि दिवे, वायपर, हॉर्न, पंखा चालवणे. १९७६ मध्ये आलेल्या तिच्या जीटीआय आवृत्तीत इंधन पुरवणारी बॉश कंपनीची के-जेट्रॉनिक ही यंत्रणाही मुख्यतः यांत्रिकच होती. आज युरोपात, आणि सिटी गोल्फ या नावाने २००९ पर्यंत हीच मोटार जिथे तयार होत राहिली त्या दक्षिण आफ्रिकेत, हौशी कारागीर या जुन्या सांगाड्यात चौथ्या पिढीच्या गोल्फमधील १.८ लिटरचे, २० व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन बसवतात. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इग्निशन कॉइल असते, अनेक संवेदक म्हणजे सेन्सर असतात, आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारा ईसीयू हा संगणक असतो. मूळ वायरिंगमध्ये यांतील बहुतेक गोष्टींची सोयच नसल्यामुळे नवे हार्नेस, म्हणजे ठरावीक लांबीच्या तारा, त्यांचे जोड, फ्यूज आणि रिले यांची एकसंध बांधलेली जुडी, तयार करावे लागते. या कामाविषयी रूढ असलेले काही गैरसमज एकाच दृष्टिदोषातून निर्माण झाले आहेत: बॅटरीपासून उपकरणापर्यंतचा रस्ता काळजीने पाहिला जातो, पण प्रवाह तिथून बॅटरीकडे परत कसा येतो, याचा विचार अर्धवट सोडला जातो.

सर्वांत खोल रुजलेला समज बॉडी अर्थविषयीचा, म्हणजे प्रवाह सांगाड्यातून परत नेणाऱ्या जोडणीविषयीचा आहे. मोटारीचा सांगाडा लोखंडी असल्यामुळे ऋण तार कुठेही स्क्रूने आवळली की काम भागते, असे मानले जाते. सांगाडा परतीचा वाहक म्हणून वापरतात हे खरे आहे. मात्र चाळीस-पन्नास वर्षांच्या मोटारीत रंग, गंज आणि नंतर लावलेले सीलंट या सर्वांमुळे स्क्रूखालचा स्पर्श कमकुवत झालेला असतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की इंजिन सांगाड्याला थेट टेकलेले नसते, ते रबरी माउंटिंगवर तोललेले असते, आणि त्यामुळे स्टार्टर ओढतो तो शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह परत येण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत विणलेल्या तांब्याची जाड पट्टी बसवलेली असते. इंजिन बदलताना ही पट्टी विसरली किंवा सैल राहिली, तर प्रवाह उरलेल्या धातूच्या मार्गांनी परततो, आणि असे मार्ग म्हणजे ॲक्सिलरेटरची वा क्लचची केबल. स्टार्टर फिरवताना या केबलीतून धूर निघाला किंवा ती आतल्या आत वितळून अडकली, तर दोष केबलीचा नसतो, हरवलेल्या अर्थचा असतो.

संवेदकांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक नाजूक रूप घेतो. ईसीयूला मिळणारे अनेक संकेत शून्य ते पाच व्होल्ट या मर्यादेत बदलतात, आणि संवेदकाची ऋण तार जर इग्निशन कॉइल किंवा पंख्यासारख्या मोठा प्रवाह घेणाऱ्या उपकरणाच्या अर्थ बिंदूला जोडली, तर त्या सामायिक भागात प्रवाहामुळे निर्माण होणारा विद्युतदाब संकेतात मिसळतो. तो केवळ दशांश व्होल्ट असला तरी पाच व्होल्टच्या पट्टीवर दोन टक्के चूक होते. म्हणूनच कारखान्यात बनलेल्या हार्नेसमध्ये संवेदकांच्या ऋण तारा सांगाड्याला न जोडता स्वतंत्रपणे ईसीयूपर्यंत परत नेलेल्या असतात. ज्या संवेदकाच्या तारेभोवती बाहेरील विद्युतचुंबकीय गोंगाट अडवणारे जाळीचे कवच असते, ते कवचही सामान्यतः एकाच टोकाला अर्थ करतात, कारण दोन्ही टोके जोडल्यास ते स्वतःच परतीचा एक मार्ग बनते.

दुसरा प्रबळ समज असा की फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो. प्रत्यक्षात फ्यूजचे पहिले काम तारेला आग लागू न देणे हे आहे, आणि म्हणून त्याची निवड तारेच्या क्षमतेवरून करायची असते. चांगल्या प्रतीच्या पातळ आवरणाच्या मोटार वायरीच्या बाबतीत १ चौरस मिलिमीटर छेदाला सुमारे १६.५ अँपिअर आणि २ चौरस मिलिमीटरला सुमारे २५ अँपिअर ही उत्पादकांनी दिलेली नेहमीची कमाल मर्यादा आहे, आणि अनेक तारा एकाच जुडीत बांधल्या की उष्णता बाहेर पडण्यास वाव कमी मिळून ती आणखी खाली येते. नेहमीच्या पात्याच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा ही क्षणात तुटण्याची सीमा नसते: त्याच्या मानकानुसार निर्धारित प्रवाहाच्या १३५ टक्के प्रवाह वाहत असताना तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कधीही वितळू शकतो. याचा अर्थ १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २० अँपिअर प्रवाह कित्येक मिनिटे वाहू शकतो, आणि तेवढा वेळ तो सोसण्याची ताकद तारेत असायला हवी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा बसवण्याची सवय या कारणाने अतिशय घातक आहे, कारण अशा परिपथात सर्वांत कमकुवत दुवा म्हणजे तारच होते आणि तिचे आवरण वितळते ते डॅशबोर्डच्या मागे, जिथे कोणाची नजर पोहोचत नाही. फ्यूजची जागाही तितकीच महत्त्वाची आहे: बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कोणत्याही संरक्षणाविना असतो, म्हणून तो शक्य तेवढा आखूड ठेवतात.

तार जितकी जाड तितकी उत्तम, हे मत यातूनच पुढे येते आणि तेही अर्धेच खरे आहे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब साधारण ४.६ अँपिअर घेतो, आणि त्याचा मार्ग सहा मीटर धरला तर केवळ तारेतच जवळपास अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. स्विच आणि जुने जोड यांतील घट वेगळीच. हॅलोजन बल्बचा प्रकाश विद्युतदाबाच्या साधारण साडेतीनाव्या घातानुसार बदलत असल्यामुळे दाब दहा टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. पहिल्या गोल्फमध्ये हेडलाइटचा प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधूनच जातो, म्हणून तिथे रिले बसवण्याचा खरा लाभ होतो. रिले म्हणजे लहान प्रवाहाने चालणारा विद्युतचुंबकीय स्विच. तो शक्ती वाढवतो अशी जी समजूत आहे ती चुकीची असून तो फक्त मोठ्या प्रवाहाचा मार्ग आखूड करतो. महाराष्ट्रात जुन्या मारुती ८०० मध्ये मूळ वायरिंगवरच अधिक वॅटचे बल्ब चढवले जातात आणि मग स्विच तापून निकामी होतो, त्यामागेही हेच गणित आहे. मात्र जी तार केवळ संवेदकाचा काही मिलिअँपिअरचा संकेत नेते, तिथे जाडी वाढवून काहीच मिळत नाही. उलट जुडी फुगते, तिची वळणे ताठ होतात आणि कनेक्टरच्या आतील टर्मिनलमध्ये तार नीट बसत नाही.

जोड सोल्डर केला की तो क्रिंपपेक्षा पक्का होतो, ही धारणा विशेष जपली जाते. क्रिंप म्हणजे टर्मिनलच्या पाकळ्या योग्य साच्याच्या पकडीने तारेच्या तंतूंवर अशा दाबणे, की तंतूंमधील पोकळी नाहीशी होऊन आत हवा शिरू न शकेल इतका घट्ट स्पर्श तयार व्हावा. सोल्डर मात्र वितळताच केशाकर्षणाने तंतूंमध्ये वर चढतो आणि तारेचा काही भाग ताठ करतो. हा ताठ भाग जिथे संपतो आणि लवचीक भाग सुरू होतो, त्या सीमेवर इंजिनाच्या कंपनाने तंतू एकेक करून तुटतात. आधी क्रिंप आणि वर सोल्डर, अशा दुहेरी खात्रीचाही शेवट बहुधा याच सीमेवर होतो. तरीही सोल्डर सर्वथा वर्ज्य, हा याच्या विरुद्ध टोकाचा आग्रहही वस्तुस्थितीला धरून नाही. जोड वळणापासून दूर असेल, त्यावर उष्णतेने आकसणारी, आतून चिकट थर असलेली नळी चढवलेली असेल आणि तार दोन्ही बाजूंना आधाराने बांधलेली असेल, तर तो दीर्घकाळ टिकतो. साध्या पकडीने चेपलेल्या टर्मिनलपेक्षा असा जोड निश्चित श्रेयस्कर आहे. चांगल्या टर्मिनलला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात, एक तांब्यासाठी आणि दुसरी आवरण धरण्यासाठी, आणि कंपनाचा ताण तांब्यापर्यंत पोहोचू न देण्याचे काम ही दुसरी जोडीच करते. घाईच्या कामात दुर्लक्ष होते ते नेमके तिच्याकडे.

जोड चांगला आहे की नाही हे मल्टिमीटरच्या ‘बीप’वरून ठरवण्याची रीतही फसवी आहे. सातत्य तपासताना मीटर तारेतून अत्यल्प प्रवाह सोडतो, आणि तेवढ्यासाठी एकच तंतू शाबूत असला तरी पुरतो. वीसपैकी एकोणीस तंतू तुटलेली तारही निर्दोष ठरते. खरी परीक्षा भार चालू असताना होते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा ऋण ध्रुव आणि इंजिनाचा धातू यांच्यामधील दाब मोजला, तर तो काही दशांश व्होल्टपलीकडे जाऊ नये; तसा गेला तर परतीच्या मार्गात कुठेतरी अडथळा आहे हे निश्चित समजावे.

जुने मीटर पॅनेल काढून डिजिटल डॅश बसवणाऱ्यांना चार्जिंगच्या दिव्याविषयीचा गैरसमज हमखास नडतो. हा दिवा केवळ सूचनेसाठी आहे असे धरून तो वगळला जातो. पहिल्या पिढीच्या गोल्फमध्ये अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला सुरुवातीचे चुंबकत्व देणारा छोटा प्रवाह त्या दिव्यातूनच, किंवा त्याला समांतर जोडलेल्या रोधकातून, निळ्या तारेने डी-प्लस या टर्मिनलपर्यंत जातो. दिवा काढला आणि त्याच्या जागी योग्य रोधक बसवला नाही, तर इंजिन मंद (आयडल) गतीवर असताना अल्टरनेटर वीज निर्माण करत नाही, आणि दोष नसलेला अल्टरनेटर बदलण्याचा खर्च होतो.

इंधन पंपाच्या बाबतीत मात्र चूक खर्चावर थांबत नाही. पंपाची धन तार इग्निशन चालू होताच वीज मिळणाऱ्या कोणत्याही तारेला जोडणे सोपे असते आणि मोटार त्यावर चालतेही. पण चांगल्या व्यवस्थेत पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात असतो: चावी फिरवल्यावर पंप क्षणभर दाब तयार करतो आणि त्यानंतर इंजिन प्रत्यक्ष फिरत असल्याचा संकेत येत असेपर्यंतच चालू राहतो. अपघातात इंजिन बंद पडले, इंधनाची नळी फुटली आणि पंप इग्निशनशी थेट जोडलेला असला, तर तो तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहील. हार्नेसमधील दुसरा कोणताही सोपा मार्ग इतका महागात पडू शकत नाही, आणि या एका बाबतीत तडजोडीला जागा नाही.

शर्यतीच्या मोटारीप्रमाणे तारांचे थर उलटसुलट दिशेने पिळून त्यावर १५० अंश सेल्सिअस सोसणारी आकसनळी चढवलेले हार्नेस सर्वश्रेष्ठ, हा समज सौंदर्यदृष्टीतून आला आहे. पिळल्यामुळे जुडी लवचीक राहते आणि वळणावर ताण सर्व तारांत वाटला जातो, हे गुण खरे आहेत. पण अशा जुडीत नंतर एखादी तार वाढवणे जवळजवळ अशक्य असते, आणि रस्त्यावरच्या मोटारीत अशी गरज पडतेच. इंजिनजवळ उष्णता सोसणारे आवरण, केबिनमध्ये कापडी टेप आणि पाणी ओघळून जावे म्हणून कनेक्टरच्या आधी तारेला खाली झुकते वळण, एवढे रोजच्या वापराला पुरेसे असते. जुडी पूर्णपणे सीलबंद केली की पाणी आत जाणार नाही, हेही खरे नाही, कारण एका टोकाला शिरलेले पाणी तंतूंमधील पोकळीतून दुसऱ्या टोकापर्यंत झिरपू शकते.

शेवटचा गैरसमज रंगांचा आहे. जर्मन पद्धतीत तपकिरी तार अर्थची असते, जुन्या ब्रिटिश मोटारींत तपकिरी तार थेट बॅटरीकडून येणाऱ्या अखंड धन प्रवाहाची असते आणि अर्थची तार काळी असते. ब्रिटनमध्ये गोल्फचे हार्नेस बनवताना दोन्ही सवयी एकाच कार्यशाळेत भेटतात. त्यामुळे केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकाने टर्मिनलांना दिलेले क्रमांक अधिक भरवशाचे आहेत: ३० म्हणजे बॅटरीची अखंड धन जोडणी, १५ म्हणजे इग्निशननंतरची, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे स्टार्टरचा संकेत, ५६अ म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत आणि ५६ब म्हणजे खालचा झोत. पहिली तार कापण्याआधीच प्रत्येक परिपथाचा जाण्याचा व परतीचा मार्ग, तारेचा छेद, फ्यूजचा आकडा आणि कनेक्टरमधील पिनचा क्रमांक यांचा तक्ता तयार असावा, तेच क्रमांक तारेच्या दोन्ही टोकांवर छापलेल्या नळीने लावावेत, आणि पुढे केलेला प्रत्येक बदल तारखेसह त्याच तक्त्यात नोंदवून त्याची एक प्रत मोटारीतच ठेवावी.