रक्तपिपासूची साक्ष : ‘मी’ म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

सुरुवात ‘ड्रॅक्युला’पासून करू. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ सालची. ती रोजनिशा, पत्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं यांतून उलगडते. आता गंमत बघा, त्यात ड्रॅक्युलाची रोजनिशी नाही. तो बोलतो, पण दुसऱ्याच्या वहीतून. म्हणून त्याची भीती वाटते, माया वाटत नाही.

१९७६ साली ॲन राइस या अमेरिकन लेखिकेनं ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये हे उलटं केलं. सॅन फ्रान्सिस्कोतली एक खोली, एक तरुण मुलाखतकार, टेपरेकॉर्डर, आणि समोर बसलेला लुई. न्यू ऑर्लिन्सजवळच्या निळीच्या मळ्याचा हा मालक १७९१ मध्ये रक्तपिपासू झाला. तो स्वतःच सांगतोय : मी मारलं, मला यातना झाल्या. काही काळ तो प्राण्यांच्या रक्तावर भागवतो, मग माणसांकडे वळतो. आणि आपण? आपल्याला तो आवडायला लागलेला असतो.

असं का होतं? जो माणूस आपले दोष आपणहून सांगतो, त्याला आपण प्रामाणिकपणाचे गुण देऊन टाकतो. पण खंत वाटणं आणि वागणं बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लुईची खंत खरी आहे. तिनं त्याचा एकही बळी परत येत नाही.

त्याच्या कहाणीत लेस्टाट हा खलनायक आहे : उथळ, क्रूर. पण १९८५ साली ‘द व्हॅम्पायर लेस्टाट’ आली आणि तिथं ‘मी’ म्हणायला लेस्टाट उभा राहिला. लुईनं माझं चित्र विकृत केलं, अशी त्याची तक्रार. तो बढाईखोर आहे, हट्टी आहे, त्याला टाळ्या हव्यात, अगदी रॉक गायक होतो. आणि हे काही तो लपवत नाही. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

तुम्ही विचाराल, सर, मग खरं कोण बोलतंय? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी दुसरा विचारू : कोणाला बोलायलाच मिळालं नाही? लुईच्या मळ्यावर गुलाम राबत होते. त्यांची कहाणी त्यांच्या तोंडून येत नाही. आणि क्लॉडिया. लुईनं सोडून जाऊ नये म्हणून लेस्टाटनं या लहानग्या मुलीला रक्तपिपासू केलं. तिचं मन वाढत गेलं, शरीर वाढलं नाही. राइसबाईंची स्वतःची लहान मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगानं गेली होती, हे लक्षात घेतलं की ही व्यक्तिरेखा अधिकच जड होते. पण पहिल्या कादंबरीत क्लॉडियाचा संतापसुद्धा आपल्याला लुईच्याच आवाजात ऐकावा लागतो. ज्याचा त्या अन्यायात वाटा होता, त्याच्याच.

आता शेवट बघा. रात्रभर ऐकून तो मुलाखतकार काय मागतो? मलाही तुमच्यासारखं करा! लुई संतापतो. त्याला इशारा द्यायचा होता, आणि ऐकणारा भुलला. सांगणाऱ्याचा आवाज इतका सुंदर होता, की सांगितलेली गोष्ट कानावर पडलीच नाही.

इथं मला आपला वेताळ आठवतो. रिचर्ड बर्टननं १८७० साली या कथा इंग्रजीत मांडताना वेताळाला ‘व्हॅम्पायर’च म्हटलं होतं. वेताळ गोष्ट रंगवून सांगतो, पण शेवटी राजाला विचारतो : यात दोष कोणाचा? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील! म्हणजे ऐकणाऱ्यावर निवाड्याची जबाबदारी आहे. लुई असा प्रश्न विचारत नाही. तो आपला आपणच विचारावा लागतो.

लुईवर, लेस्टाटवर जरूर प्रेम करा. मीही करतो. दोष असलेल्या माणसांवरच प्रेम करायची सोय आपल्याला आहे. दुसरी माणसं मिळतात कुठं? फक्त प्रेम करताना निवाडा सोडू नका. कोणी फार मन लावून स्वतःची कहाणी सांगायला लागला, की ऐका, आणि त्या कहाणीत गप्प बसलेलं कोण आहे, तेही बघा.