घरगुती हॉट टब आणि जलशुद्धी

अवगाह स्वेदासाठी आपण प्रत्येक वेळी ताजे पाणी घेतो. घरगुती हॉट टबमध्ये मात्र तेच उष्ण पाणी अनेक आठवडे फिरत राहते. संधिवाताच्या रुग्णास असा टब वापरण्याची अनुमती देण्यापूर्वी हा भेद समजावून सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पाणी निर्मळ दिसले म्हणजे ते निर्जंतुक असतेच असे नाही. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे पुष्पप्रदर्शनात केवळ मांडून ठेवलेल्या टबच्या तुषारांतून लिजिओनेला जंतू पसरले आणि सुमारे ३० जण दगावले. पाण्यात उतरण्याचीही गरज पडली नाही. जवळून जाताना घेतलेला श्वास पुरेसा ठरला.

उष्णतेने क्लोरीन लवकर नाहीसा होतो. घाम व तेल यांमुळे तो आणखी खर्ची पडतो. पीएच ८ च्या पुढे गेल्यास क्लोरीन असूनही त्याची जंतुनाशक शक्ती बरीच क्षीण होते. म्हणून प्रत्येक वापरापूर्वी चाचणीपट्टीने मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ३ मिलिग्रॅम व पीएच ७ ते ७.८ यांदरम्यान असल्याची खात्री करावी. तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसावे. गाळणी नियमित धुवावी. पाणी बदलताना भिंतींवरील बुळबुळीत थर घासून काढावा, कारण जंतू त्यातच आश्रय घेतात.

अभ्यंगानंतर साबणाने स्नान केल्यावाचून टबमध्ये उतरू नये. काढे व तेले त्यात मिसळू नयेत. त्यांसाठी साधी द्रोणीच योग्य.

टब वापरल्यानंतर दोन आठवड्यांत ज्वर, कास व श्वासकष्ट उद्भवल्यास वैद्यांनी टबची चौकशी अवश्य करावी आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.